सिकलसेलच्या रिपोर्टात ‘एफ’चा आकडा असा पाहा

नागपुरात धंतोलीतल्या एका लॅबमध्ये मी 22 वर्षांपासून एचपीएलसीचे, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचे, रिपोर्ट काढते. गडचिरोलीहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं विचारतात, “मॅडम, सिकल किती निघालं?” एफबद्दल कोणीच विचारत नाही. मी मात्र बोट तिथेच ठेवते. रिपोर्टात ए म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, एस म्हणजे सिकलचं, एफ म्हणजे पोटातल्या बाळाचं.

त्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या. मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं का? चढवलं असेल तर दात्याचं ए मिसळलेलं असतं आणि एसएस, म्हणजे आईवडील दोघांकडून एस आलेलं, लेकरू वाहकासारखं दिसू शकतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे का? त्या वयात एफ सगळ्यांचंच जास्त असतं, त्यावर भरवसा ठेवू नका.

मग ए बघा. ए जास्त आणि एस साधारण 30 ते 40 टक्के असेल तर वाहक, म्हणजे एएस, एकाच पालकाकडून एस आलेला. ए जवळपास नसेल तर एसएस, किंवा एससोबत थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक दोष); आईवडिलांचं रक्त तपासलं की उलगडा होतो.

आता एफ. एसचे रेणू एकमेकांना चिकटून दांडे होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. त्यांच्या मधे एफ आलं की हे दांडे वाढायला अडतात. जन्मानंतर एफला आवर घालतं ते बीसीएल11ए नावाचं प्रथिन. सिकलचा दोष अकराव्या गुणसूत्रावर. बीसीएल11एचा जनुक दोन नंबरच्या गुणसूत्रावर. हे प्रथिन डीएनएवर टीजीएसीसीए ही अक्षरं हुडकतं, एफ बनवायला लागणाऱ्या गॅमा ग्लोबिनच्या जनुकाच्या तोंडाशी बसतं आणि तो जनुक दाबून टाकतं. कुणात हा दाब जन्मतःच थोडा सैल असतो. माझ्याकडे येणारी दोन सख्खी भावंडं, दोघंही एसएस. थोरल्याचं एफ 24 टक्के, धाकटीचं 9. वारंवार भरती करावी लागते ती धाकटीलाच. फरकाला इतरही कारणं असतात, पण हा आकडा मी विसरत नाही.

हायड्रॉक्सियुरिया, म्हणजे एफ वाढवणारी गोळी, सुरू असेल तर जुने रिपोर्ट तारखेवार लावा. एफ चढत नसेल तर गोळी रोज पोटात जाते का ते आधी बघा. डोस डॉक्टरांनीच बदलायचा.

बीसीएल11एचा लाल पेशींमधला दाब कमी करणारा जनुक-संपादनाचा उपचार 2023 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. त्यासाठी आधी कडक केमोथेरपी लागते; अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. एका बापाने मला विचारलं, शेत विकू का? नका विकू, दादा. गोळी चुकवू नका, आणि पुढच्या वेळी जुना रिपोर्ट सोबत आणा.