जुन्या जेलमधला स्टाफ नेमकं काय करायचा? या विषयावर अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

एमएच्या प्रबंधाला मी ब्रिटिश काळातल्या जेलचा स्टाफ हा विषय घेतला होता. कैदी नाही, स्टाफ. गाईड सोडून जवळपास सगळ्यांनी विचारलं की त्यात काय एवढं आहे, कारण आपल्याकडे जेलचा इतिहास म्हणजे कोणाला कुठे ठेवलं होतं याची यादी. येरवडा म्हटलं की गांधीजी आणि १९३२चा पुणे करार, ठाणे म्हटलं की १९१०ची कान्हेरे-कर्वे-देशपांडे यांची फाशी, अंदमान म्हटलं की सावरकर. ते बरोबरच आहे, पण दार कोण उघडायचं, रात्री कोण जागायचं, वजन कोण करायचं, सुटकेची तारीख कोण लक्षात ठेवायचं हे विचारलं की एकदम शांतता. आता दोघातिघांनी याच विषयावर काम करायचंय म्हणून विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

सुरुवात १८९४च्या प्रिझन्स ॲक्टपासून करा. लोक कायदा म्हटलं की घाबरतात, पण हा छोटा आहे, आणि स्टाफचा भाग कलम ६ ते २३ एवढाच, एका संध्याकाळी वाचून होतो. त्यात पदं सांगितलीयत: सुपरिंटेंडेंट, मेडिकल ऑफिसर, त्याच्या हाताखालचा मेडिकल सबऑर्डिनेट, जेलर आणि मग लागतील तसे बाकीचे. प्रत्येकाचं काम वेगळं लिहिलंय. वाचताना एक सवय लावून घ्या, कायद्याने एखादी गोष्ट मुद्दाम मना केलेली दिसली की समजायचं ती कुठेतरी चालू होती. उदाहरणार्थ कलम ९, कुठल्याही अधिकाऱ्याने कैद्याला काही विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पैशाचा व्यवहार करायचा नाही, आणि दुसऱ्या माणसाला पुढे करूनही करायचं नाही. हे शेवटचं वाचलं की लिहिणाऱ्याला आतलं सगळं माहीत होतं हे कळतं.

सुपरिंटेंडेंट म्हणजे मालकच. शिस्त, काम, खर्च, शिक्षा सगळं त्याच्याकडे. पण तुम्हाला उपयोगाचं म्हणजे त्याने ठेवायची रजिस्टरं: कैद्यांचं रजिस्टर, कोण कधी सुटणार त्याचं पुस्तक, शिक्षांचं पुस्तक, भेट देणाऱ्या व्हिजिटर्सच्या शेऱ्यांचं पुस्तक, आणि कैद्याकडून काढून घेतलेल्या पैशा-वस्तूंची नोंद. सुटकेचं पुस्तक कंटाळवाणं वाटतं, पण त्यात एक आकडा चुकला तर माणूस जास्तीचा आत राहणार, म्हणून जेलमधल्या कारकुनाचं काम हलकं समजू नका.

जेलर हा मात्र खरा बांधलेला माणूस. सुपरिंटेंडेंटने लेखी परवानगी दिली नाही तर त्याने जेलमध्येच राहायचं, दुसरा धंदा-नोकरी करायची नाही, आणि एक रात्र बाहेर काढायची तरी लेखी परवानगी. अगदीच अडचण येऊन रात्री बाहेर राहावं लागलं तर लगेच कारणासकट कळवायचं. वॉरंटं, कागदपत्रं, कैद्यांचे पैसे, सगळ्याची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे किल्ल्या त्याच्याकडे, पण कैद्यांसारखाच तोही त्या भिंतीतच. (त्यांच्या कुटुंबांबद्दल मला फार उत्सुकता होती, बायकापोरं जेलच्या आवारातच वाढायची ना, पण माझ्या विषयात बसलं नाही, कोणीतरी करा.)

डॉक्टरवर जरा थांबा, इथे बरंच काही आहे. नवीन कैदी आला की तपासायचा, अंगावरच्या जखमा-खुणा लिहायच्या, कुठल्या दर्जाचं काम झेपेल ते ठरवायचं. काम करणाऱ्या कैद्यांचं वजन निदान पंधरा दिवसांतून एकदा त्यांच्या हिस्ट्री तिकिटावर (प्रत्येक कैद्याच्या नोंदींचं कार्ड) लिहायचं. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही असाही नियम होता, तातडीची वेळ सोडून. आणि फटके, शिक्षेचा कमी आहार किंवा कामातला बदल या शिक्षा द्यायच्या आधी डॉक्टरने तपासून 'झेपेल' असा शेरा मारल्याशिवाय देता येत नव्हत्या. आता गंमत बघा, कायद्यातच लिहिलंय की मेडिकल ऑफिसर आणि सुपरिंटेंडेंट एकच माणूस असू शकतो, आणि बऱ्याच जिल्हा जेलांत सिव्हिल सर्जनच सुपरिंटेंडेंट असायचा. म्हणजे फटक्यांची शिक्षा सुनावणारा तोच, आणि कैद्याला ती झेपेल म्हणून सही करणारा पण तोच. माझ्या प्रबंधाचं अख्खं एक प्रकरण यावर उभं राहिलं.

गेटकीपरबद्दल कायद्यात एकच कलम आहे, २१. आत-बाहेर जाणारी कुठलीही वस्तू तपासायची, संशय आला तर माणसाची झडती, काही सापडलं तर लगेच जेलरला कळवायचं. पगाराने खालचा माणूस, पण त्याच्यासमोरून सगळं जाणार, त्यामुळे त्याच्याबद्दलच्या तक्रारी-चौकश्या कुठे दिसल्या तर सोडू नका. बायकांची झडती मेट्रनने, म्हणजे स्त्री कैद्यांवर नेमलेल्या बाईने घ्यायची. मेट्रनवर मराठीत फारच कमी लिहिलेलं मला दिसलं.

आता मुख्य गोष्ट, आणि हीच नवीन लोकांना उशिरा कळते. जेलमधलं रोजचं बरंचसं काम पगारी स्टाफ करतच नव्हता, कैदीच करत होते. चांगली वागणूक असलेल्या जुन्या कैद्याला आधी रात्रीचा पहारेकरी करायचं, मग ओव्हरसीअर, मग वॉर्डर. मोबदला पैशात थोडाच, तो शिक्षेतली जास्त सूट आणि बाकीच्यांपेक्षा बरी वागणूक यांत. सरकारला स्वस्त पडायचं, आणि रात्री कुलूप लागल्यावर बराकीच्या आत जागा राहणारा माणूस फुकटात मिळायचा. मोजणी, कामाच्या टोळ्या, कोण कोणाशी बोलतोय, सगळ्यावर त्याची नजर. आणि कलम २३ काय म्हणतं, की अधिकारी नेमलेला कैदी हा दंडविधानाच्या अर्थाने सरकारी नोकर समजायचा. म्हणजे सकाळी गिनतीत तो कैदी म्हणून मोजला जाणार आणि दुपारी त्याच्यावर हात उचलला तर सरकारी नोकरावर हल्ला. गांधीजींनीसुद्धा १९२२ ते १९२४च्या येरवड्यातल्या मुक्कामानंतर आपल्यावर नेमलेल्या कैदी वॉर्डरांबद्दल लिहिलंय, त्यात एक सोमाली माणूस पण होता.

अंदमानात हीच शिडी जास्त ठळक दिसते: वॉर्डर, पेटी ऑफिसर, तंडेल, जमादार, सगळे जन्मठेपेचेच कैदी. सेल्युलर जेल १९०६च्या सुमारास पूर्ण झालं, सात विंग आणि मधोमध टॉवर. जेलर बारीचं नाव सगळ्यांना पाठ असतं, पण दिवसभर डोक्यावर उभा असायचा तो पेटी ऑफिसर. कोलूवर, म्हणजे तेलाच्या घाण्यावर, दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, ते पूर्ण करून घ्यायची जबाबदारी त्याची, कमी भरलं तर त्यालाही बोलणी, त्यामुळे तो खालच्यावर काढणार. राजबंद्यांच्या आठवणी वाचताना बारीची वाक्यं गोळा करण्यापेक्षा या मधल्या माणसांच्या नोंदी काढा, तुम्हाला ड्यूटीची साखळी दिसेल. सावरकर स्वतःही पुढे तेलाच्या कोठाराचे फोरमन झाले होते हे लक्षात ठेवा, आत राहायचं तर व्यवस्थेतलं काम अंगावर येतच होतं.

आता कागद कुठे बघायचे. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, तिथे एकोणिसाव्या शतकासाठी ज्युडिशियल डिपार्टमेंटचे व्हॉल्यूम मागवा. मुंबई इलाख्याच्या जेलचे वार्षिक अहवाल आधी वाचून घ्या, म्हणजे काय मागवायचं ते कळतं. १९१९-२०च्या इंडियन जेल्स कमिटीचा रिपोर्ट (कार्ड्यू अध्यक्ष होते) जाडजूड आहे पण कैदी अधिकाऱ्यांबद्दलचा आणि अंदमानबद्दलचा भाग तरी वाचाच. पेशवाईपर्यंत मागे जायचं असेल तर मोडी शिकावी लागेल, आणि तेव्हा जेलचा असा वेगळा स्टाफच नव्हता, कैदी किल्ल्यावर ठेवायचे आणि किल्ल्याचा हवालदार-सबनीस-कारखानीस हीच मंडळी त्यांचा पहारा आणि शिधा बघायची. दोन्ही काळ एका प्रबंधात घेऊ नका, जीव जाईल.

अजून एक कलम सांगायचं राहिलं, ५४. ड्यूटी चुकवली, रजा संपून पण आला नाही, दुसरं काम धरलं, भित्रेपणा केला तर २०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण नीट वाचा, हे जेलर आणि त्याच्या खालच्यांसाठी आहे. सुपरिंटेंडेंट त्यात नाही. व्हायव्हाला मला नेमकं यावरच विचारलं होतं.

विषय ठरवताना एक पद, एक जेल आणि दहा-पंधरा वर्षं एवढंच पकडा. 'महाराष्ट्रातील कारागृह प्रशासन' असलं काही टायटल देऊ नका, काहीच हाती लागत नाही. प्रत्यक्ष जागा बघायची असेल तर सेल्युलर जेल आता राष्ट्रीय स्मारक आहे, सातपैकी तीनच विंग उरल्यात पण टॉवरपासून कोठड्यांपर्यंत कोणाला काय दिसत असेल ते तिथे उभं राहूनच कळतं. येरवडा आणि ठाणे चालू जेल आहेत, तिथे परवानगीशिवाय शक्य नाही आणि परवानगीला वेळ लागतो, तेव्हा अर्ज पहिल्याच महिन्यात कॉलेजच्या लेटरहेडवर टाकून ठेवा आणि उत्तर येईपर्यंत व्हॉल्यूम वाचून काढा.