पार्व्हो झालेल्या पिल्लाला वाचवायचं कसं: सलाईन, साखर, ऊब आणि खाणं

पार्व्हो हा कुत्र्याच्या पिल्लांना होणारा आतड्यांचा विषाणूजन्य आजार. आपल्याकडच्या नेहमीच्या दवाखान्यात त्याच्या विषाणूला थेट मारणारं औषध नसतं. उपचार चालतात ते पिल्लाने आणखी चार-पाच दिवस तग धरावा म्हणून. तेवढ्यात त्याचं शरीर स्वतःच प्रतिपिंडं तयार करतं आणि विषाणू आवरतो. त्यामुळे डॉक्टरांना ‘कुठलं इंजेक्शन दिलं?’ एवढंच विचारून भागत नाही. किती पाणी आत गेलं, साखर किती आली, अंगाचं तापमान किती आहे आणि पोटात काही टिकतंय का, हे दर काही तासांनी कळायला हवं. उपचारच मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं दगावतात. वेळेत नीट उपचार मिळालेल्यांपैकी साधारण 80 ते 90 टक्के वाचतात.

विषाणू भराभर वाढणाऱ्या पेशींवर जातो. आतड्याचं अस्तर रोज नवं होत असतं, ते बनवणाऱ्या पेशीच मेल्या की आतडं आतून सोलून निघतं. पाणी, क्षार आणि रक्त बाहेर वाहतं, आणि आतड्यातले जिवाणू थेट रक्तात शिरतात. नेमक्या त्याच वेळी अस्थिमज्जाही मार खाते, पांढऱ्या पेशी घसरतात आणि त्या जिवाणूंना अडवायला कोणी उरत नाही. पिल्लू दगावतं ते पाणी आटल्यामुळे, साखर उतरल्यामुळे किंवा रक्तात जंतू पसरल्यामुळे. या तिन्ही गोष्टींवर आपल्याला काहीतरी करता येतं.

संशय कधी घ्यायचा

दीड ते सहा महिन्यांचं, लसी पूर्ण न झालेलं पिल्लू अचानक मलूल झालं आणि खाणं सोडलं, तर रक्ताच्या जुलाबाची वाट पाहू नका. संसर्ग झाल्यावर बहुधा तीन ते सात दिवसांनी आधी मरगळ आणि ताप येतो, मग उलट्या, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत घाण वासाचे, पातळ, बऱ्याचदा रक्ताचे जुलाब. रक्त दिसेपर्यंत हातातला सगळ्यात मोलाचा दिवस निघून गेलेला असतो. रॉटवायलर, डॉबरमन आणि जर्मन शेफर्डच्या पिल्लांमध्ये आजार जास्त जोराचा दिसतो, त्यामुळे तिथे आणखी घाई करावी.

दवाखान्यात शीचा नमुना घेऊन किटवर दहा-पंधरा मिनिटांत तपासणी होते. पॉझिटिव्ह आली तर बहुतेक वेळा पार्व्होच असतो. मात्र चार-दहा दिवसांपूर्वी लस दिली असेल तर पुसट रेघ लसीमुळेही उमटू शकते, म्हणून लसीची तारीख डॉक्टरांना सांगाच. निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका. सुरुवातीला शीमध्ये विषाणू कमी असतो आणि किट चुकतं. अशा वेळी रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी खूप घसरलेल्या दिसल्या तर पार्व्हो धरूनच चालतात. जंत, कॉक्सिडिया आणि जिआर्डियासारखे आतड्यातले सूक्ष्म परजीवी, गिळलेली वस्तू, विषबाधा यांनीही असंच चित्र दिसतं. म्हणून शी सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहून घ्यावी.

दवाखान्यात पोचेपर्यंत

पिल्लाचं वजन करा. काटा नसेल तर पिल्लाला घेऊन स्वतः वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर चालतो.

हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. जास्त वेळ लागला, हिरड्या फिक्या आणि चिकट लागल्या, पंजे गार पडले, तर रक्ताभिसरण कोसळतंय. अशा पिल्लाला कातडीखाली सलाईन देऊन उपयोग नाही. कातडीकडचं रक्त आटलेलं असतं, त्यामुळे दिलेलं पाणी तिथेच गोळा होऊन राहतं. शिरेतूनच द्यावं लागतं.

गुदद्वारातलं तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट हवं. 103 च्या वर ताप असला तरी माणसांचं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. 99 च्या खाली घसरलं तर ताप असण्यापेक्षा ते वाईट. दुपट्यात गुंडाळून कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा, अंगाला चिकटवून नको. पिल्लू थरथरतंय किंवा मान टाकून पडलंय, तर थोडा मध किंवा घट्ट कालवलेला ग्लुकोज बोटाने हिरडीवर चोळा. पाजू नका. शुद्ध नीट नसेल तर ते श्वासनलिकेत जाईल.

उलट्या चालू असताना सिरिंजने जबरदस्ती पाणी पाजणं हीच घरात सगळ्यात जास्त होणारी चूक. त्याने पाणी तर मिळत नाहीच, उलटीबरोबर ते फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. दूध, ताक, हळद, जुलाब बंद करायची लोपेरामाइडची गोळी, यातलं काहीही द्यायचं नाही. जुलाब कोंडले तर जंतू आणि विषारी द्रव्यं आतच राहतात.

रात्री-अपरात्री कुठे जायचं हे आजच ठरवून ठेवा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेले दवाखाने आहेत. त्यांच्या वेळा आधीच विचारून घ्या.

सलाईनचा हिशेब

सलाईन डॉक्टरच लावणार आणि मात्राही तेच ठरवणार. तरीही हिशेब तुम्हाला कळायला हवा, कारण बऱ्याच ठिकाणी पिल्लाला दिवसातून दोन तास ड्रिप लावून घरी पाठवतात आणि ते पाणी निम्मंही पुरत नाही.

शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या पिल्लाला आधी रिंगर लॅक्टेट हे क्षारांचं सलाईन किलोमागे 15 ते 20 मि.ली. पंधरा-वीस मिनिटांत देतात, हिरड्या आणि नाडी पाहतात, गरज पडली तर पुन्हा देतात. त्यानंतर 24 तासांचं गणित मांडायचं. तुटीसाठी वजन किलोत, गुणिले पाणी आटल्याची टक्केवारी, गुणिले 10. रोजच्या गरजेसाठी किलोमागे किमान 60 मि.ली. आणि उलट्या-जुलाबांतून जातंय तेवढं वेगळं.

पाच किलोचं पिल्लू आहे, कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसते, डोळे थोडे खोल गेलेत. साधारण 8 टक्के पाणी आटलंय. तूट 5 × 8 × 10 = 400 मि.ली., रोजची गरज 300, आणि दिवसभरात 100 मि.ली. जाईल असं धरलं तर एकूण 800 मि.ली. म्हणजे तासाला साधारण 33 मि.ली. साध्या सेटमधून 20 थेंबांचा एक मि.ली. होतो, म्हणजे मिनिटाला 11 थेंब. लहान मुलांच्या मायक्रोड्रिप सेटमधून 60 थेंबांचा एक मि.ली., म्हणजे मिनिटाला 33 थेंब. लहान पिल्लाला मायक्रोड्रिपच मागा. साध्या सेटचा रोलर जरा सरकला तरी वेग दुप्पट होतो. पिल्लाने पाय दुमडला की ड्रिप थांबते आणि सरळ केला की धावते, म्हणून दर अर्ध्या तासाने घड्याळ लावून थेंब मोजायचे.

हा हिशेब एकदा करून सोडून द्यायचा नसतो. सकाळ-संध्याकाळ वजन करा. सलाईन चालू असूनही वजन उतरतंय, तर पाणी कमी पडतंय. वजन पटकन वाढतंय, श्वास जलद झालाय, नाकातून पाणी येतंय किंवा पाय सुजलेत, तर जास्त होतंय. अशा वेळी ड्रिप थांबवून लगेच डॉक्टरांना सांगा.

कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, पुढच्या पायाला असावी, कारण मागचा पाय जुलाबाने सतत बरबटतो. पट्टी ओली झाली की बदलायची. सुईच्या वरचा भाग दुखरा, गरम किंवा टणक लागला तर कॅन्युला काढून दुसरीकडे लावायची, नाहीतर तिथूनच रक्तात जंतू जातात. पांढऱ्या पेशी घसरलेल्या पिल्लाला ते झेपत नाही.

पोटॅशियम आणि साखर या दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. उलट्या-जुलाबांतून पोटॅशियम जातं आणि रिंगर लॅक्टेटमध्ये ते लिटरमागे फक्त 4 एमइक्यू (क्षार मोजायचं एकक) असतं. ते कमी झालं की पिल्लू मान उचलत नाही आणि आतडं हालचाल करत नाही. डॉक्टर बहुधा लिटरमागे 20 एमइक्यू मिसळतात. मिसळल्यावर बाटली उलटसुलट नीट हलवायची, कारण पोटॅशियम जड असल्याने तळाशी बसतं. अशी बाटली कधीही जोरात सोडायची नाही. तासाला किलोमागे 0.5 एमइक्यूपेक्षा जास्त पोटॅशियम गेलं तर हृदय बंद पडू शकतं.

साखर ग्लुकोमीटरवर दर चार-सहा तासांनी पाहावी. 60 च्या खाली गेली तर शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, पातळ करून देतात आणि पुढच्या सलाईनमध्ये 2.5 ते 5 टक्के ठेवतात. 500 मि.ली.च्या बाटलीतून 50 मि.ली. काढून त्या जागी 25 टक्क्यांचं डेक्स्ट्रोज 50 मि.ली. घातलं की 2.5 टक्के होतं. डेक्स्ट्रोजची 5 टक्क्यांची बाटली कातडीखाली टोचणं मात्र चूक आहे. त्याने पाणी उलट कातडीखाली ओढलं जातं आणि कातडी सडूही शकते.

औषधं

उलटी थांबवायला मॅरोपिटंट किलोमागे 1 मि.ग्रॅ. दिवसातून एकदा किंवा ऑनडान्सेट्रॉन किलोमागे 0.5 मि.ग्रॅ. दर आठ-बारा तासांनी देतात. एकाने भागलं नाही तर दोन्ही. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, तरी ते लागतं, रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंसाठी. अँपिसिलिन किलोमागे 20 ते 22 मि.ग्रॅ. दर आठ तासांनी शिरेतून, ही नेहमीची निवड. जेंटामायसिन किंवा अमिकॅसिन पाणी भरून निघण्याआधी दिलं तर मूत्रपिंडं जातात. एन्रोफ्लॉक्सॅसिनने वाढत्या पिल्लाच्या सांध्यांच्या कूर्चेला धोका असतो.

रक्त थांबवायच्या इंजेक्शनांवर फार भिस्त ठेवू नका, रक्त सोललेल्या आतड्यातून येतंय. टॅमीफ्लूचंही तसंच. ते औषध फ्लूच्या विषाणूच्या ज्या एन्झाइमला अडवतं, ते पार्व्होकडे नसतंच.

खाणं लवकर सुरू करा

‘पोटाला आराम द्या, तीन दिवस उपाशी ठेवा’ हा सल्ला जुना झाला. आतड्याच्या पेशींना अन्न आतूनच लागतं. उलट्या थोड्या आवरल्या की पहिल्या 12 ते 24 तासांत अगदी थोडं खाणं सुरू केलेली पिल्लं लवकर सावरतात. पिल्लू खात नसेल तर नाकातून बारीक नळी घालून पातळ रिकव्हरी डाएट देतात. पाच किलोच्या पिल्लाची पायाभूत गरज 30 × 5 + 70 = 220 किलोकॅलरी. पहिल्या दिवशी त्याच्या पाव, म्हणजे 55, सहा वेळांत वाटून. उलटी झाली तर पुढचा घास निम्मा करायचा, पूर्ण बंद नाही.

स्वतः खायला लागलं की मऊ शिजवलेला भात आणि उकडलेलं बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन कुस्करून द्या. मीठ, तेल, कांदा, लसूण काही नको. दर तीन तासांनी एक-दोन चमचे. शी बांधून यायला लागली की चार-पाच दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाण्यावर आणा. भूक लागलीय म्हणून एकदम वाटीभर घातलं की उलट्या परत सुरू होतात.

दवाखान्यात ठेवणं परवडत नसेल तर

अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने यासाठी पद्धत बसवली. आधी दवाखान्यात शिरेतून सलाईन देऊन शॉक काढायचा. मग घरी दर आठ तासांनी किलोमागे 40 मि.ली. रिंगर लॅक्टेट कातडीखाली, रोज मॅरोपिटंट, आणि सेफोव्हेसिन या लांब टिकणाऱ्या अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन. 40 कुत्र्यांच्या तुलनेत भरती केलेल्यांपैकी 90 टक्के आणि या पद्धतीने उपचार केलेल्यांपैकी 80 टक्के वाचले. म्हणजे भरती करणंच चांगलं. पण पैशांअभावी सोडून देण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा, आणि डॉक्टरांकडे तो मागायला संकोचू नका. पिल्लाचं रोज एकदा तरी वजन, साखर आणि पोटॅशियम पाहून घेणं त्यातच आलं.

घरी असताना पिल्लू हाकेला मान हलवेनासं झालं, तापमान 99 च्या खाली गेलं, पोट ताठ झालं किंवा पोटात सॉसेजसारखी गाठ लागली, तर ताबडतोब निघा. ती गाठ म्हणजे आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. ते शस्त्रक्रियेशिवाय सुटत नाही.

घर आणि बाकीची पिल्लं

विषाणू घरात महिनोन्‌महिने आणि सावलीतल्या मातीत वर्षभरही टिकतो. फिनाईल, स्पिरिट, सॅनिटायझर यांनी तो मरत नाही. आधी साबणाने घाण पूर्ण धुऊन काढा, कारण शी शिल्लक असेल तर ब्लीच वाया जातं. मग 5-6 टक्क्यांचं ब्लीच एका लिटर पाण्यात 35 मि.ली., 4 टक्क्यांचं असेल तर 50 मि.ली., रोजच्या रोज ताजं बनवून फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्या. टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. चपला, भांडी, पट्टा, मोरी यांचाही समावेश करा. गादी आणि कापडी खेळणी टाकून द्या.

माणसाला हा आजार होत नाही, पण आपल्या चपलांवरून तो शेजारच्या पिल्लापर्यंत जातो. आजारी पिल्लाचं काम सगळ्यात शेवटी करा. बरं झाल्यावरही किमान दोन आठवडे त्याला इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवा आणि बाहेर काढण्याआधी आंघोळ घाला, केसांत विषाणू राहतो. सोबतच्या पिल्लांचं दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तापमान घ्या. ताप आला की त्याच दिवशी दवाखाना.

लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी द्यायची, आणि शेवटचा डोस 16 आठवड्यांचं किंवा त्याहून मोठं झाल्यावरच. आईकडून आलेली प्रतिपिंडं आधीच्या डोसांना निकामी करू शकतात, त्यामुळे 12 आठवड्यांवर थांबलेल्या पिल्लालाही पार्व्हो होतो. पुढचा डोस पिल्लू साधारण सहा महिन्यांचं किंवा वर्षभराचं झाल्यावर. ज्या घरात पार्व्हो होऊन गेला, तिथे वर्षभर तरी लसी पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नका.