कंपोस्ट कास्तकाराच्या वावरात नेताना: पहिल्या वर्षी दहा ओळी पुरे

नागपूरच्या आसपासच्या गावात कंपोस्ट घेऊन जाताना “युरिया बंद करा” हे वाक्य घरी ठेवून जा. कास्तकाराला हिशेब येतो. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात जवळपास २१ किलो नत्र असतं. चांगल्या कंपोस्टमध्ये ते टक्काभर, म्हणजे टनाला १० किलो, आणि त्यातलं पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागतं साधारण पाव. युरियाचं एक पोतं पूर्ण वाचवायचं तर पहिल्याच वर्षी आठेक टन कंपोस्ट लागेल. एवढं कोण टाकणार? म्हणून मागणी लहान ठेवा: एकरी अडीच टन कंपोस्ट आणि युरिया फक्त पाव भागाने कमी. स्फुरद-पालाशला पहिल्या वर्षी हात लावू नका.

माणूस निवडताना आधी विचारा, वावर स्वतःचं आहे की मक्त्याने (भाड्याने) केलेलं. मक्तेदार पुढच्या वर्षी तिथे असेलच असं नाही. जमिनीत दोन-तीन वर्षं पुरणारा खर्च तो का करेल? त्याला भाषण देऊन वेळ घालवू नये. गुरं असलेला, धुऱ्यावरून (बांधावरून) चार जणांचं येणं-जाणं असलेला मालक शोधा. बैठक एप्रिलमध्ये, अक्षय तृतीयेच्या आधी, संध्याकाळी घ्या. घरच्या बायांना बोलवा, कारण शेण-उकिरडा त्यांच्याच हातात असतो. कृषी केंद्रवाल्यालाही बाहेर ठेवू नका. खत उधारीवर त्याच्याच दुकानातून उचललं जातं, तेव्हा कंपोस्टची पोतीही तिथेच मिळाली तर बरं.

प्रयोग असा. कपाशीत ९० सेंमी अंतराच्या, शंभर मीटर लांबीच्या दहा ओळी म्हणजे साधारण ९ गुंठे. एवढ्याला साडेपाच ते सहा क्विंटल कंपोस्ट पुरतं. शेजारच्या दहा ओळी त्याच्या नेहमीच्या पद्धतीने. बियाणं एकच, लागवडीचा दिवस एकच, फवारणी एकच. एकरी एक पोतं युरिया देणारा कास्तकार ९ गुंठ्यांना १० किलो देतो; कंपोस्टच्या पट्ट्यात साडेसात किलो द्यायचा, तोही त्याच डवरणीच्या (ओळींमधल्या कोळपणीच्या) वेळी. चारही कोपऱ्यांना खुंट्या ठोका, नाहीतर ऑगस्टमध्ये पट्टा कुठला होता यावरच वाद होतो.

उत्पन्न मोजायला नवीन काटा लागत नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते, काटा वावरात येतोच. फक्त मधल्या सहा-सहा ओळींचा कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधायचा आणि प्रत्येक वेच्याचं वजन घरच्याच वहीत लिहायचं. कडेच्या दोन-दोन ओळी सोडायच्या, कारण शेजारच्या पट्ट्याचं खत त्यांच्यापर्यंत पोचतं. आकडा कास्तकाराच्या अक्षरात असला की शेजारी विश्वास ठेवतो. सरकारी फलकावरचा आकडा कुणी वाचत नाही.

आता माल. घरचा करायचा तर नाडेप टाकं आपल्या विदर्भातलंच आहे. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांचं. आकार १० बाय ६ बाय ३ फूट, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं. आधी सहा इंच काडीकचरा, त्यावर ४-५ किलो शेण सव्वाशे ते दीडशे लिटर पाण्यात कालवून, त्यावर ५०-६० किलो चाळलेली माती. अशा अकरा-बारा थरांनी टाकं काठाच्या दीड फूट वर जातं. मग शेणमातीने लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांत ते आठ-नऊ इंच खचतं, तेव्हा पुन्हा भरून लिंपा. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळतं, म्हणजे एका टाक्यात एका एकराची सोय. फसतं ते दोन ठिकाणी. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) अख्खीच टाकली तर वर्षभर तशीच राहते. दोन-तीन इंचांचे तुकडे करा. (पऱ्हाटी फेब्रुवारीतच कुटली तर गुलाबी बोंडअळीचं बिऱ्हाडही उठतं.) आणि नागपूरच्या मे महिन्यात टाकं कोरडं पडून कुजणं थांबतं. भोकातून हात घालून पाहा, कचरा मुठीत दाबल्यावर ओल जाणवली पाहिजे. वर पऱ्हाटी-पाल्याची सावली करा.

शहराच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट घेणार असाल तर पोत्याआधी तपासणी अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे ओलावा २५ टक्क्यांच्या वर नसावा, कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत हवं, शिसं किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत. ओला माल घेतला तर भाडं पाण्याचं पडतं. गावात ४ मिमीची चाळणी घेऊन जा आणि सगळ्यांसमोर एक पोतं चाळा. काच निघाली तर गाडी परत. अनवाणी निंदणाऱ्या बाईच्या पायात एक तुकडा गेला की पुढे तुमचं कुणी ऐकणार नाही.

कच्चं खत ओळखायला मूठभर ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर अजून कुजायचं आहे. असं खत टाकलं की जमिनीतलं नत्र कुजवणारे जीवाणू खातात, रोपं पिवळी पडतात आणि दोष कंपोस्टच्या माथी येतो. वर हुमणी (मुळं खाणारी अळी), वाळवी आणि गाजर गवताचं बी फुकटात.

खत वावरात नेऊन ढीग लावून ठेवायची आपल्याकडे रीत आहे. एप्रिल-मेच्या उन्हात त्या ढिगातलं नत्र वायू होऊन उडतं. टाकायचं ते शेवटच्या वखरणीच्या दिवशी, लगेच मातीआड. संत्र्याच्या झाडाला खोडापासून लांब, पानांच्या सावलीच्या कडेने द्या. खोडाला टेकलं की ओल धरून डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो.

पहिल्या वर्षी दोन्ही पट्ट्यांचं वजन सारखं आलं तरी ते यशच, कारण पाव युरिया वाचला. पण वाहतूक धरून हिशेब मांडा, भाडं लपवू नका. एकाच रस्त्यावरच्या चार-पाच जणांनी मिळून एक ट्रक बोलावला की परवडतं. आणि खुंट्या उपटू नका: दुसऱ्या वर्षी त्याच ओळींत कंपोस्ट न टाकता तूर किंवा सोयाबीन पेरून पुन्हा वजन घ्या, उरलेल्या खताचा हात तिथे दिसतो.