आयईटीएफला ड्राफ्ट पाठवताय? आधी नावाचं बघा

इंटरनेटचे प्रोटोकॉल जिथे ठरतात त्या आयईटीएफमध्ये ड्राफ्ट, म्हणजे प्रस्तावाचा मसुदा, कोणीही टाकू शकतो, फी नाही की मेंबरशिप नाही, पण फाइलचं नाव नियमात बसलं नाही तर डेटाट्रॅकर, म्हणजे ड्राफ्ट जिथे अपलोड करतात ती आयईटीएफची साइट, ती घेतच नाही, आणि नाव नियमात बसूनही गंडलेलं असेल तर ज्यांनी वाचायला हवं त्यांना ते सापडत नाही. मी इथे नावं देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाइप करताना छोटी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधे हायफन, बास. स्पेस, अंडरस्कोर, कॅपिटल काही चालत नाही.

सुरुवात कायम 'ड्राफ्ट'ने. खरी गंमत दुसऱ्या जागेवर आहे, कारण तिथे कळतं की या कागदामागे उभं कोण आहे. तुमचा एकट्याचा प्रस्ताव असेल तर तिथे आडनाव, मग ज्या वर्किंग ग्रुपसाठी (त्या विषयावर काम करणारा आयईटीएफचा गट) लिहिताय त्याचं छोटं नाव, मग विषय, शेवटी आवृत्तीचे दोन आकडे. म्हणजे समजा ड्राफ्ट-जोशी-डीएनएसऑप-कॅशे-००, यात डीएनएसऑप हा ग्रुप. ग्रुपने अजून ड्राफ्ट घेतलेला नसला तरी त्याचं नाव टाका, परवानगी लागत नाही आणि त्या ग्रुपच्या पानावर संबंधित ड्राफ्टमध्ये तुमचा आपोआप दिसतो.

दुसऱ्या जागी 'आयईटीएफ' मात्र स्वतःहून टाकू नका. ते वर्किंग ग्रुपने ड्राफ्ट स्वीकारल्यावरच येतं आणि पहिली आवृत्ती ग्रुपच्या चेअरने मान्य केल्याशिवाय वर चढत नाही. एखादी कंपनी 'आमचं आयईटीएफ ड्राफ्टवर आधारित आहे' असं मिरवत असेल ना, तर आधी ही जागा बघायची, तिथे कोणाचं आडनाव असेल तर तो अजून एका माणसाचा विचार आहे, एवढंच.

स्वीकारल्यावर नाव बदलतं आणि आकडे परत ०० पासून. क्विक या ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉलचं बघा, ड्राफ्ट-हॅमिल्टन-क्विक-ट्रान्सपोर्ट-प्रोटोकॉल होतं, २०१६ मध्ये ग्रुपने घेतल्यावर ड्राफ्ट-आयईटीएफ-क्विक-ट्रान्सपोर्ट झालं, मग ३४ पर्यंत गेलं आणि मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून बाहेर आलं (आरएफसी म्हणजे ड्राफ्ट पक्का झाल्यावर नंबर देऊन प्रसिद्ध होणारा दस्तऐवज). असं नाव बदलताना नवा ड्राफ्ट जुन्याच्या जागी आलाय हे डेटाट्रॅकरवर नोंदवून घ्या, नाहीतर जुना इतिहास तुटतो आणि लोक शोधत बसतात.

आकडा ०० पासून, ०१ पासून नाही. एक स्वल्पविराम बदललात तरी पुढचा आकडा. 'फायनल', 'नवीन', 'व्ही२' असलं काही नावात घुसवू नका, आपल्या ऑफिसातली 'फायनल फायनल' फाइलची सवय इथे सोडायची. ड्राफ्टच्या एक्सएमएल फाइलच्या आत डॉकनेम, म्हणजे ड्राफ्टचं नाव, लिहितो तिथेही तेच नाव आणि तोच आकडा हवा, मार्कडाउनमध्ये लिहिणारे बरेच जण रेपोमध्ये (कामाच्या फाइल ठेवतात तिथे) आकड्याच्या जागी 'लेटेस्ट' ठेवतात आणि पाठवताना टूल खरा आकडा भरतं, ते बरं पडतं.

जुनी आरएफसी सुधारायची असेल तर तिचा नंबर आणि पुढे 'बिस' लावायची पद्धत आहे, उदाहरणार्थ टीएलएस १.३ (इंटरनेटवरचा डेटा एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल, आरएफसी ८४४६) च्या सुधारणेचा ड्राफ्ट-आयईटीएफ-टीएलएस-आरएफसी८४४६बिस.

आणि सहा महिन्यांत नवी आवृत्ती आली नाही की ड्राफ्ट एक्स्पायर दिसतो. घाबरून नवीन नाव घेऊन परत ०० पासून सुरू करू नका, त्याच नावाने पुढचा आकडा टाकून अपलोड करा.