एन्कोडर लावला तरी माप का चुकतं? घरच्या सीएनसीवर ब्रशलेस मोटर बसवताना या चुका टाळा

घरच्या सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर, स्टेपर मोटर स्टेप हुकवते म्हणून ब्रशलेस मोटर आणि तिचा कोन मोजणारा एन्कोडर आणला, आणि पहिल्याच जॉबला माप चुकलं. अशा वेळी बहुतेक जण ट्युनिंगचे आकडे बदलत बसतात. आधी ॲलन की हातात घ्या. मोटरवरच्या एन्कोडरला फक्त मोटरचा शाफ्ट दिसतो. कपलिंगचा ग्रब स्क्रू सरकला किंवा बॉलस्क्रूच्या नटात खेळ असला, तर त्याला त्याचा पत्ताच लागत नाही. शाफ्ट आणि कपलिंगवर मार्करने एक सलग रेघ मारा. जॉबनंतर ती तुटलेली दिसली, तर दोष तिथेच आहे.

मोटर निवडताना केव्ही बघा, म्हणजे दर व्होल्टला ती किती आरपीएम फिरते (किलोव्होल्ट नव्हे). ८.२७ भागिले केव्ही केलं की दर अँपिअरला मिळणारा टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये येतो. ड्रोनची १००० केव्हीची मोटर २० अँपिअर खाऊन जेमतेम ०.१७ देते, १५० केव्हीची तेवढ्यातच १.१ देते. स्टेपर काढून ड्रोनची मोटर थेट स्क्रूला जोडली, तर ती तापणारच.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक एन्कोडरच्या वायरिंगची. क्लोज्ड-लूप (एन्कोडर लावलेल्या) स्टेपरमध्ये बऱ्याचदा एन्कोडर नुसता पहारा देतो. ब्रशलेस मोटरमध्ये मात्र कोणत्या फेजला (वाइंडिंगला) किती करंट द्यायचा, हे मोटर चालवणारा ड्रायव्हर एन्कोडरचा कोन वाचूनच ठरवतो. एन्कोडरचे काउंट (मोजलेले ठोके) हुकले की माप तर जातंच, शिवाय टॉर्क घटतो, करंट वाढतो आणि कधी मोटर बेफाम सुटते. तोच प्रोग्रॅम स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) बंद ठेवून हवेत चालवा. ॲक्सिस बरोबर शून्यावर परतला आणि स्पिंडल चालू करताच चुकू लागला, तर संशय व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) विजेच्या नॉइजवर घ्या. एन्कोडरची केबल मोटरच्या केबलपासून लांब न्या, शील्डेड घ्या आणि शक्यतो डिफरन्शियल आउटपुटचाच (प्रत्येक सिग्नल दोन उलट तारांवर पाठवणारा) एन्कोडर वापरा.

एएस५०४७ सारखी मॅग्नेटवरून कोन वाचणारी चिप वापरत असाल, तर तिला व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेलाच मॅग्नेट लागतो. साध्या चकतीचे ध्रुव वरच्या-खालच्या तोंडांवर असतात; ती शाफ्टवर लावली तर चिपला कोन नीट कळत नाही. मॅग्नेट मध्यावर बसला नाही, तर दर फेरीत तीच चूक पुन्हा पुन्हा येते. कॅलिब्रेशन मोटर मोकळी असतानाच करा.

आता पल्सचं गणित. अर्डुइनो उनोवरचा जीआरबीएल (मशीन चालवणारं कंट्रोलर सॉफ्टवेअर) सेकंदाला साधारण ३०,००० पल्स देतो. फेरीला ८१९२ काउंटचा एन्कोडर एका काउंटला एक पल्स असा ठेवला, तर ५ मिमी लीडच्या (फेरीला ५ मिमी सरकणाऱ्या) स्क्रूवर मिनिटाला ११०० मिमीच्या पुढे जाता येत नाही. ड्रायव्हरमध्ये फेरीला २००० पल्स ठेवा: वेग ४५०० पर्यंत जातो आणि पल्सला ०.००२५ मिमी मिळतात. लाकूड आणि ॲल्युमिनियमला ते भरपूर आहे.

वेग झटकन कमी करताना मोटर जनरेटर होते आणि बसचं (ड्रायव्हरच्या वीजपुरवठ्याचं) व्होल्टेज चढतं. ती जादा वीज जिरवणारा ब्रेक रेझिस्टर नसला, तर एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ट्रिप होऊ शकतो, किंवा ड्रायव्हर जळू शकतो.

ड्रायव्हरची अलार्मची वायर कंट्रोलरला जोडायचं अजिबात सोडू नका. नाहीतर एक्स ॲक्सिस फॉल्टवर थांबतो, वाय ॲक्सिस चालतच राहतो आणि कटर जॉबमध्ये घुसतो.

झेडवर (वर-खाली जाणाऱ्या ॲक्सिसवर) आणखी एक धोका आहे. बॉलस्क्रू सहज उलटा फिरतो आणि ब्रशलेस मोटर वीज गेल्यावर जवळपास मोकळी होते, त्यामुळे स्पिंडल स्वतःच्या वजनाने खाली येतो. वीज गेल्यावर लागणारा ब्रेक बसवा, निदान गॅस स्प्रिंग तरी लावा, आणि ते होईपर्यंत स्पिंडलखाली हात घालू नका.