पावसात धरणारे टायर कसे निवडावेत

टायरच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीचे दाखवू?" त्याचं उत्तर देण्याआधी गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून चौकटीवरची पट्टी वाचा. टायरचं माप आणि हवेचा दाब तिथे छापलेला असतो. काही गाड्यांत ही पट्टी पेट्रोलच्या झाकणामागे असते. खरेदीची यादी हीच. सध्या लावलेल्या टायरवरून माप घेऊ नका, आणि गाडी सेकंडहँड असेल तर मुळीच नको. आधीच्या मालकाने दुकानात जे पडलं होतं ते बसवून घेतलेलं असू शकतं.

उदाहरण म्हणून १८५/६५ आर १५ ८८ एच हे माप घेऊ. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलांना ते लागतं. १८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल (टायरच्या आतले धागे आडवे टाकायची पद्धत) आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. दुकानदारही इथपर्यंत सांगतो. त्यापुढचे '८८ एच' मात्र बहुतेक वेळा बोलण्यातून गळतात, आणि फसगत होते ती तिथेच.

८८ हा भाराचा निर्देशांक आहे. असा टायर पूर्ण दाबावर ५६० किलो पेलतो. ८२ असेल तर ४७५ किलो, ८६ ला ५३०, ९१ ला ६१५. माप तेच, पण निर्देशांक कमी असलेला टायर पाचशे रुपये स्वस्त मिळाला म्हणून घेतला, तर पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन गावी निघताना मागच्या टायरांना हाताशी काही उरत नाही. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, टी म्हणजे १९०, व्ही म्हणजे २४०. "दोनशेने कोण चालवतंय?" असं म्हणून हे अक्षर सोडून देऊ नका. वेग वाढला की टायर तापतो, आणि तो ताप टायर किती सोसतो ते या अक्षरावरून कळतं. पट्टीवरचा अंक आणि अक्षर यांच्या वर गेलात तरी चालेल, खाली नको.

रुंद टायर बसवायची हौस असेल तर आधी कागदावर गणित करा. भिंतीची उंची दुप्पट करून त्यात रिमचा व्यास मिळवला की टायरचा पूर्ण व्यास मिळतो. रिमचे इंच २५.४ ने गुणून घ्या. आपल्या मापाचा व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. १९५/६५ आर १५ चा ६३४.५, म्हणजे दोन टक्के जास्त, हे चालतं. २०५/६५ आर १५ चा ६४७.५, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. हा टायर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. तीन टक्क्यांच्या आत राहा, आणि तुमच्या रिमच्या रुंदीला ते माप चालतं का हे टायर कंपनीच्या तक्त्यात बघा.

शिक्के काय सांगतात

भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे. तसा आदेश २००९ चा, आणि मानक आयएस १५६३३. शिक्क्यापाशी परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. अनोळखी नावाचा स्वस्त टायर समोर आला तर ही दोन मिनिटं जरूर द्या. हा शिक्का टायरचं माप आणि मजबुती यांची हमी देतो. ठरावीक भाराने, ठरावीक वेगाने यंत्राच्या ड्रमवर फिरवल्यावर टायर टिकतो की नाही, हे त्यात तपासलेलं असतं. ओल्या डांबरावर तो किती धरेल याबद्दल मात्र त्यातून काही कळत नाही.

ती उणीव भरून काढण्यासाठी एआयएस १४२ हे मानक आलं. जून २०२२ च्या अधिसूचनेने ते लागू झालं: नव्या डिझाइनच्या टायरना ऑक्टोबर २०२२ पासून, आधीपासून बाजारात असलेल्यांना टप्प्याटप्प्याने २०२३ मध्ये. त्यात तीन गोष्टी तपासतात: ओल्या रस्त्यावरची पकड, टायर फिरताना होणारा विरोध आणि आवाज. पाऊल योग्य दिशेने पडलं. आमची तक्रार पुढची आहे. ही परीक्षा फक्त पास किंवा नापास सांगते. काठावर पास झालेला टायर आणि पहिल्या वर्गात पास झालेला टायर दुकानातल्या मांडणीवर शेजारी शेजारी असतात आणि गिऱ्हाइकाला दोघांतला फरक कळायला काही मार्ग नाही. युरोपात १ मे २०२१ पासूनच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा वर्ग ए ते ई असा ठळक छापलेला असतो. आपल्याकडे टायरला ताऱ्यांचं लेबल आहे ते बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं), आणि ते तारे इंधन बचतीचे आहेत.

हा फरक बारीक वाटेल, पण जून ते सप्टेंबर ज्यांना घाट उतरायचे असतात त्यांच्यासाठी तोच मोठा आहे. फिरताना कमी तापणारं रबर इंधन वाचवतं. ओल्या रस्त्याला धरण्यासाठी मात्र रबराने ऊर्जा खाल्ली पाहिजे. सिलिका (वाळूतल्या द्रव्याची बारीक पूड) घातलेल्या चांगल्या कंपाउंडमध्ये, म्हणजे रबराच्या मिश्रणात, दोन्ही साधता येतं, पण त्याला पैसे पडतात. स्वस्तात तारे मिळवायचे तर पकडीवर पाणी सोडण्याचा मोह असतो. म्हणून नुसते तारे मोजून टायर घेऊ नका.

मग पकड ओळखायची कशी? तुम्ही बघत असलेलं मॉडेल त्याच नावाने युरोपातही विकलं जात असेल, तर युरोपीय संघाच्या ईप्रेल या खुल्या नोंदवहीत तुमच्या मापासकट त्याचा वर्ग सापडतो. भारतात बनलेल्या टायरचं कंपाउंड वेगळं असू शकतं, त्यामुळे याला अंदाजच समजा. दुसरी खूण टायरच्या भिंतीवर असते. वर्तुळात ई आणि शेजारी आकडा (ही युरोपीय पद्धतीच्या मंजुरीची खूण) असेल तर त्यापुढच्या मंजुरी क्रमांकाला एस, डब्ल्यू, आर ही अक्षरं जोडलेली आहेत का बघा. एस आवाजाचं, डब्ल्यू ओल्या पकडीचं, आर फिरण्याच्या विरोधाचं. तिसरी खूण अमेरिकी पद्धतीची: ट्रेडवेअरचा (झिजेचा) आकडा, ट्रॅक्शनला (पकडीला) एए, ए, बी किंवा सी आणि टेम्परेचरला (ताप सोसण्याला) ए, बी किंवा सी. यातलं ट्रॅक्शन ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून मोजतात. ते ए किंवा वरचं हवं, आणि टेम्परेचर सी असलेला टायर महामार्गासाठी नकोच. ट्रेडवेअरचा आकडा एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला ठीक आहे. दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका, कारण चाचणी कंपन्या स्वतःच करतात.

आणखी एक वाद पकड कधी मोजायची याचा आहे. पकडीची परीक्षा नव्या कोऱ्या टायरची होते, आपण मात्र वर्षानुवर्षं चालवतो तो झिजलेला टायर. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून नव्या प्रकारच्या कार टायरना झिजलेल्या अवस्थेतही ओली पकड सिद्ध करायला लावलं आहे. आपल्याकडेही हे व्हायला हवं, आणि पकडीचा वर्ग लेबलवर छापायला हवा. तोवर खाचांची खोली स्वतः मोजत राहणं एवढंच हातात आहे.

खोली आणि वय

नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं दिसतील. त्या रेषेत खाचेत बघितलं की तळाशी रबराचा एक उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. पण पावसासाठी ही मर्यादा फार खाली आहे. खाचा उथळ झाल्या की टायरखालचं पाणी बाहेर फेकलं जात नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग अचानक हलकं होतं. कोकणात, घाटात किंवा एक्स्प्रेसवेवर नेहमी जाणाऱ्यांनी ३ मिलिमीटरला टायर बदलावेत, आणि तेही मे महिन्यात. खोली मोजायचा गेज स्वस्तात मिळतो. आत, मध्ये, बाहेर अशा तीन जागी मोजा. मध्यभागी जास्त झीज म्हणजे हवा जास्त होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट (चाकांचा कोन आणि दिशा) बिघडलंय, आणि ते न करता नवे टायर लावले तर तेही तसेच जातील.

वय शोधायचं तर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ बघा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, कधी कधी आतल्या. म्हणून टायर रिमवर चढायच्या आधी चारही उलटसुलट करून बघा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाच्या आतला ठीक. दोन वर्षं दुकानात पडलेला टायर "सूट देतो" म्हणून गळ्यात मारला जातो, तो परत करा. वापर कमी असलेल्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर कडक होत जातं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर उतरवून तपासून घ्या, आणि भिंतीवर बारीक भेगांचं जाळं दिसलं किंवा फुगा आला तर नक्षी कितीही असो, टायर काढा. फुगा आला म्हणजे खड्ड्याच्या धडकेने आतले धागे तुटलेत. ते कुणालाही दुरुस्त करता येत नाहीत.

बसवताना समोर उभे राहा

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. दुकानदार "पुढे लावा, ओढायला पुढची चाकं असतात" म्हणेल. मागचे घासलेले टायर पावसाळ्यात वळणावर सुटले तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही. पुढचे सुटले तर गाडी नुसती सरळ जाते, आणि पाय उचलून वेग कमी करायला वाव राहतो.

नव्या टायरला नवा व्हॉल्व्ह हवाच; जुन्या व्हॉल्व्हचं रबर तडकून हवा हळूहळू जाते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाळा, आणि 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आली पाहिजे. पिवळा ठिपका टायरची हलकी जागा दाखवतो, तो व्हॉल्व्हपाशी आणला की बॅलन्सिंगला (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करायला) शिसं कमी लागतं. चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि नंतर अलाइनमेंट, याच क्रमाने. नट एअर गनने कचकचून आवळू देऊ नका: बोल्ट ताणले जातात, आणि रस्त्यात पंक्चर झालं की गाडीतल्या पान्याने नट हलत नाही. समोरासमोरचे नट आळीपाळीने, शेवटी टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), हँडबुकातल्या आकड्याला. शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. बिल पक्कं घ्या आणि त्यावर चारही टायरचे अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटीचा दावा त्यावर चालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तोही बिलात बघा.

हवा

समृद्धी महामार्गावर टायर फुटण्याच्या बातम्या आल्यापासून उन्हाळ्यात हवा कमी करून निघायची रीत पडली आहे. नेमकं उलटं करायला हवं. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकून वाकून तापते, आणि आतल्या पोलादी पट्ट्यांपासून नक्षी सुटून येते. १२० च्या वेगाने तासभर गेलात तर या तापण्याला उसंतच मिळत नाही. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने फोर्ड एक्सप्लोररचे ६५ लाख टायर परत बोलावले. टायरची बनावट सदोष होती की फोर्डने सुचवलेला २६ पीएसआयचा (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) कमी दाब कारणीभूत होता, यावर दोन कंपन्या भांडत राहिल्या. त्यातून आलेल्या कायद्याने तिथे टायरच्या चाचण्या कडक झाल्या आणि गाडीत दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली.

हवा सकाळी थंड टायरवर मोजा, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत. पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगळे आकडे असतील तर सामानासकट निघताना दुसरा आकडा. टायरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, म्हणून ३२ भरलेला टायर दुपारी चालून तापल्यावर ३७-३८ दाखवेल. तो वाढलेला दाब सोडून देऊ नका, टायर त्याचा हिशेब धरूनच बनवलेला असतो. नायट्रोजनही तापल्यावर तितकाच फुगतो. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. कोरडा असल्याने तो थोडा स्थिर राहतो, फुकट मिळाला तर घ्या. त्याच्या भरवशावर महिनोन्महिने हवा न बघणं मात्र महागात पडतं.

पंक्चर नक्षीच्या भागात आणि सहा मिलिमीटरपर्यंतचं असेल तर आतून मशरूम पॅच (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) मारून घ्या. बाहेरून खोचलेली रबरी वात दुकानापर्यंत पोहोचायला पुरते. भिंतीतलं पंक्चर जोडू नका. हवा गेलेल्या टायरवर गाडी दामटली असेल तर टायर उतरवून आत हात फिरवा. काळी रबराची भुकटी लागली तर भिंत आतून गेली, तो टायर बाद.

स्टेपनीचेही चार आकडे वाचा, तिलाही वय लागू आहे. २०२० च्या नियमबदलानंतर दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असलेल्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे नव्या गाडीत ती आहे का हे घेतानाच बघा. किटमधल्या द्रवावर मुदत छापलेली असते. लहान मापाची स्टेपनी असेल तर तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते आणि तिला हवाही वेगळी लागते, बऱ्याचदा ६० पीएसआय.