तीळ, जवस, आवळा, कापूस: थंडीत घरच्यांनी मिळून करायच्या वस्तू

विदर्भात दिवाळी आटोपली की पुढचे अडीच-तीन महिने हवा कोरडी असते. दुपारी ऊन आणि रात्री हाडं गोठवणारी थंडी. वाळवायचं, भाजायचं, साठवायचं काम याच दिवसांत नीट होतं. कच्चा माल बहुतेक घरात किंवा शेजारच्या वावरात असतोच: बोंडातला कापूस, खळ्यावरून आलेले तीळ, झाडाखाली पडलेले आवळे. खाली दिलेल्या वस्तू एकाच रविवारी करायला घेऊ नका. आवळ्याला चार दिवसांचं ऊन लागतं, गोधडीला महिना जातो, आणि तिळाची वडी संक्रांतीच्या दोन-तीन दिवस आधी केलेलीच चांगली.

तिळाची मऊ वडी

पाव किलो तीळ, ३०० ग्रॅम साधा गूळ, १०० ग्रॅम फल्लीदाण्याचं (शेंगदाण्याचं) जाडसर कूट, एक मोठा चमचा तूप, चार वेलदोडे. तीळ गावरान, सालासकट घ्या. पॉलिश केलेले पांढरेशुभ्र तीळ दिसायला छान, पण चवीला फिके.

तीळ निवडून, चाळून कढईत मध्यम आचेवर भाजा. चार-पाच मिनिटांत ते तडतडायला लागतात. एक दाणा बोटांत चुरडून पाहा. सहज भुगा झाला की लगेच ताटात काढा, कारण कढई उतरवली तरी तिच्या उष्णतेने तीळ भाजतच राहतात. रंग बदामी होईपर्यंत थांबलात तर वडी कडू होते आणि मग कितीही गूळ घातला तरी तो कडवटपणा जात नाही. गार झाल्यावर दोन तृतीयांश तीळ जाडसर कुटा, बाकीचे अख्खे ठेवा.

आता पाक. सगळं यश-अपयश इथंच ठरतं. गूळ चिरून तूप आणि दोन चमचे पाण्याबरोबर मंद आचेवर ठेवा. गूळ विरघळून बुडबुडे आले की शेजारी वाटीत गार पाणी घ्या आणि दर अर्ध्या मिनिटाला एक थेंब त्यात सोडा. थेंब पाण्यात पसरला तर पाक कच्चा. बोटांनी गोळा करता आला आणि गोळी मऊ राहिली, की वडीचा पाक झाला. गोळी वाटीवर टाकल्यावर टण्ण वाजली तर तो चिक्कीचा पाक. या दोन अवस्थांमध्ये एखाद-दोन मिनिटांचंच अंतर असतं, त्यामुळे त्या वेळी फोन उचलू नये.

चुलीवर करत असाल तर पऱ्हाटी किंवा तुराटी (कापसाच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्या) जाळू नका. ती भपकन पेटते, लगेच विझते, आणि त्या चढउतारात पाक हातचा जातो. बाभळीचे निखारे पुढे ओढून त्यावर गंज, म्हणजे पाकाचं पातेलं, ठेवा, नाहीतर पाकापुरता सरळ गॅस वापरा.

पाक उतरवून तीळ, कूट, वेलची घाला, सराट्याने (उलथन्याने) भराभर कालवा आणि तूप लावलेल्या ताटात ओता. थंडीत ताट गारढोण असतं. मिश्रण टाकताक्षणी खालून आवळतं आणि वरून थापलं जात नाही. म्हणून ताट आधी गरम पाण्याच्या भांड्यावर दोन मिनिटं ठेवून कोरडं करा. तूप लावलेल्या वाटीच्या बुडाने थापा आणि गरम असतानाच सुरीने खोल रेघा पाडा. तुकडे गार झाल्यावर सोडवा.

वडी बसलीच नाही, लिबलिबीत राहिली, तर पाक कमी झाला होता. सगळं परत कढईत घालून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं परता. उलट भुगा होत असेल तर पाक पुढे गेला. दोन चमचे पाणी शिंपडून गरम करा आणि वडीचा नाद सोडून लाडू वळा. हे लाडू मात्र आठवड्यात संपवा, पाणी लागलेलं टिकत नाही.

कडक चिक्की हवी असेल तर पाव किलो अख्ख्या तिळाला पाव किलो चिकीचा (चिक्कीसाठी मिळतो तो चिकट) गूळ घ्या, कूट नको. पाक टण्ण गोळीपर्यंत न्या आणि उतरवताना चिमूटभर खायचा सोडा घाला. पाक फुलतो आणि चिक्की खुसखुशीत होते. पोळपाटाला आणि लाटण्याला तूप आधीच लावून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही. दातांना चिकटणारी चिक्की म्हणजे कच्चा पाक, दुसरं कारण नाही.

लेकरांना तीळ निवडायला, वेलची सोलायला, रेघा पाडायला द्या. पाकाच्या गंजापासून मात्र हातभर लांबच. गुळाचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि कातडीला चिकटून बसतो. कुणाला चटका बसलाच तर लगेच साधं पाणी वीस मिनिटं ओतत राहा. तूप, हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

जवसाचे लाडू

ज्यांना पाकाची भीती वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी, यात पाक नाहीच.

जवस रब्बीचा, निघतो माघ-फाल्गुनात. म्हणजे थंडीत आपण वापरतो तो गेल्या सालचा. आधी चार दाणे चावून पाहा. खवट वास किंवा कडसर चव आली तर तो जवस लाडवात नको.

पाव किलो जवस, १५० ग्रॅम जाडसर कणीक, १५० ग्रॅम तूप, ५० ग्रॅम डिंक, २५० ग्रॅम किसलेला गूळ, ५० ग्रॅम खोबऱ्याचा कीस, एक चमचा सुंठ. लिंबाएवढे साधारण पंचवीस लाडू होतात.

जवस मंद आचेवर तडतड थांबत येईपर्यंत भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम जवस मिक्सरमध्ये घातला की तेल सुटून त्याचा चिकट गोळा होतो. गार असला तरी मिक्सर सलग न चालवता थांबत थांबत फिरवा.

डिंक खड्यांचा असेल तर हरभऱ्याएवढे तुकडे करून उन्हात तासभर ठेवा. तूप तापवून आच कमी करा आणि डिंक थोडा थोडा तळा. वरून फुललेला डिंक आत कच्चा राहू शकतो. एक दाणा दाबून पाहा, कुरकुरत चुरा झाला पाहिजे. आत काचेसारखा कण राहिला तर तो खाताना दाताला चिकटतो. त्याच तुपात कणीक खमंग भाजा. कढई खाली घेऊन कणीक कोमट होऊ द्या आणि मगच गूळ, जवस, डिंकाचा चुरा, खोबरं, सुंठ मिसळा. कणीक कढत असताना गूळ घातला तर तो वितळतो आणि दुसऱ्या दिवशी लाडू फोडायला बत्ता घ्यावा लागतो. वळताना फुटत असतील तर चमचाभर गरम तूप घाला, दूध नको. एकदा कुटलेला जवस लवकर खवटतो, त्यामुळे तीन आठवडे पुरतील एवढेच करा.

आवळ्याची सुपारी

एक किलो पिकलेले, डाग नसलेले आवळे धुऊन फडक्याने पुसा. स्टीलच्या किसणीने किसा. लोखंडी विळी, लोखंडी कढई यांना आवळा लागला की कीस काळपट पडतो, आवळ्यातला तुरट अंश लोखंडाशी मिळून काळा रंग धरतो. किसात ३० ग्रॅम मीठ, किसलेलं आलं ५० ग्रॅम, एक चमचा जिरेपूड, अर्धा चमचा काळं मीठ मिसळून रात्रभर झाकून ठेवा. सुटलेलं पाणी फेकू नका, ते किसातच मुरू द्या.

सकाळी सुती धोतरावर पातळ पसरा. थंडीतलं ऊन तिरकं असतं, आठ वाजता घाई करून उपयोग नाही. दहा-साडेदहाला मांडा, चार वाजता उचला. अंगणात विसरलात तर रात्रीचं दव पडतं आणि तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी दिसते. अशी सुपारी निवडून वाचवता येत नाही, सगळी टाका. ढग आले तर घरात पंख्याखाली पसरा. मूठभर कीस दाबून सोडल्यावर गोळा न राहता मोकळा झाला की काचेच्या बरणीत भरा. किलोभर आवळ्यांची सुपारी पाव किलोही भरत नाही, तेव्हा कमी दिसली म्हणून घाबरू नका.

घरच्या कापसाच्या वाती

वेचणी चालू असताना स्वच्छ, पूर्ण उमललेल्या बोंडांचा दोन ओंजळी कापूस बाजूला काढा. पावसात भिजलेला, पिवळसर कापूस नको. पिकावर फवारणी झालेली असते, म्हणून कापूस हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि लेकरांना तो तोंडात घालू देऊ नका.

उन्हात दोन तास तापवला की सरकी सहज सुटते. हाताने काढा, किंवा सपाट दगडावर कापूस ठेवून लोखंडी सळई लाटा, सरकी पुढे निसटते. शंभर ग्रॅम कापसातून रुई जेमतेम ३३-३५ ग्रॅम निघते, बाकी सरकीचंच वजन. रुईतली पत्ती, काडीकचरा वेचा. तो राहिला तर वात जळताना तडतडते आणि ठिणगी उडते.

फुलवातीसाठी रुईचा रुपयाच्या नाण्याएवढा गोल विंचरा, कडा वर गोळा करा, बोटाला किंचित दूध लावून टोक पिळा. टोक सैल राहिलं तर ज्योत मोठी होऊन तूप झरझर संपतं. फार घट्ट पिळलं तर तूप वर चढत नाही आणि वात विझते. समईच्या लांब वातीसाठी बोटाला चिमूटभर राख लावून मांडीवर किंवा पाटावर वळा, राखेमुळे हात घसरत नाही.

लहान पोट्ट्यांना गेजवस्त्र, म्हणजे देवाला वाहायची कापसाची माळ, जमतं. रुईची बोटभर रुंद पट्टी ओढून घ्या, दर दोन बोटांवर ओल्या चिमटीने पिळा, मधला भाग फुगीर राहू द्या आणि पिळलेल्या जागी कुंकू लावा. पट्टी तुटली तर तुटलेली टोकं एकावर एक ठेवून ओल्या बोटांनी वळा.

जुन्या लुगड्याची गोधडी

सहावारी साडी साडेपाच मीटरची. ती तिपदरी दुमडली की सुमारे सहा फूट लांब होते. नऊवारी चौपदरी केली की पावणेसात फूट. दोन्ही प्रकारांत रुंदी चार फुटांच्या आत-बाहेर येते, एका माणसाला पुरेशी. वर-खाली चांगली सुती लुगडी, आत विटकी धोतरं आणि चादरी. नवं कापड आत घालू नका. ते पहिल्या धुण्यात आटतं आणि गोधडीला सुरकुत्या पडतात. सिंथेटिक साडीही नको, टाका सरकतो आणि ऊबही येत नाही.

सगळे पदर जमिनीवर ताणून अंथरा, चार कोपऱ्यांवर पाटे ठेवा आणि मधोमध उभे-आडवे लांब कच्चे टाके घाला. ही पायरी टाळली की आतला पदर गोळा होतो आणि निम्मी गोधडी झाल्यावर उसवावी लागते. मग कडेने सुरुवात करून चौकोनात आत आत या. दोन ओळींत बोटाचं अंतर, टाका तांदळाएवढा. जाड सुती दोरा दुहेरी घ्या आणि हातभरापेक्षा लांब ओवू नका, गुंतवळ होते. चार जणांनी चार बाजूंनी बसलं तर प्रत्येकाचा टाका वेगळा दिसतो. आजीचा बारीक, पोरांचा भला मोठा. दिसू द्या. फक्त ताण सारखा ठेवा, कुणी दोरा खेचला तर तिथे कापड चुण्या घेतं.

पहिल्यांदा धुताना गार पाण्यात भिजवा, पिळू नका, दोरीवर आडवी टाकून निथळू द्या. ओल्या गोधडीचं वजन बरंच असतं, एकट्याने उचलायला जाऊ नका.